बॅटमॅन, वेताळ, हल्क... जुन्या हिरोंची नवी कॉमिक्स खरंच वाचावीत का?

डेक्कनकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे ते एकदाचं विचारून टाकतो. माझा भाचा अकरावीला आहे, त्याने मागे मला अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅनचा (डीसी ह्या अमेरिकन कंपनीने अगदी नव्याने मांडलेला बॅटमॅन) पहिला खंड आणून दिला, म्हणाला मामा हे वाचच. आता मी वेताळ आणि मँड्रेकवर वाढलेला माणूस, इंद्रजाल कॉमिक्स बंद झाल्यावर पुढे अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईला गेलो की फाउंटनच्या फुटपाथवर डीसीचे जुने अंक शोधायचो, त्यामुळे बॅटमॅन माझ्या डोक्यात एका ठरावीक जागी बसलाय. मोठा वाडा, खाली गुहा, आल्फ्रेड, आणि गल्लीत आईबापांवर झालेला गोळीबार. इथे बघतो तर ब्रूस वेनकडे पैसाच नाही, तो शहराच्या कामांवरचा साधा इंजिनिअर, बाप शाळेत मास्तर होता आणि मुलांना सहलीला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेलेला असताना गोळीबारात गेला, आई चक्क जिवंत आहे, आल्फ्रेड नोकर नाहीच तर ब्रिटिश गुप्तहेर. आणि तरीही सोडवेना, एका बैठकीत संपवला.

पण नंतर मन खट्टू झालं. कारण हे मी आधी अनुभवलंय. २०११ला डीसीने न्यू ५२ काढलं, सगळ्या मालिका बंद करून एकाच महिन्यात ५२ मालिका १ नंबरपासून सुरू, मी मोठ्या हौसेने चार-पाच धरल्या, सुपरमॅनचं लोईसशी झालेलं लग्न पुसलं, कित्येक वर्षांचे नातेसंबंध गायब, आणि २०१६ला रिबर्थ म्हणून पुन्हा उलटी गिनती. मग जीव लावायचा कशाला? ह्याला नवा जन्म म्हणायचं की फक्त १ नंबरचा अंक खपतो म्हणून केलेला उद्योग? ज्यांनी अलीकडचं बरंच वाचलंय त्यांनी मनापासून सांगा की कुठली कॉमिक्स खरंच जीव ओतून केलीत. आणि वेताळाचं नवीन कोणी काही वाचलंय का?

शाई_डाग

तुमची चीड समजते, न्यू ५२ने मलाही फार छळलं. पण एक गोष्ट आधी बोलायला हवी की ज्याला आपण मूळ हिरो म्हणून छातीशी धरतो तो बऱ्याचदा दुसऱ्यांदा उभा केलेलाच असतो. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत सुपरहिरोंचा बाजार बसला, १९५०च्या आसपास सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन आणि आणखी एखाददुसरा सोडले तर बाकीच्यांच्या मालिका बंद पडलेल्या, वर १९५४ला कॉमिक्स कोड, म्हणजे मजकुरावर बंधनं घालणारी नियमावली, आली. मग १९५६ला संपादक ज्युलियस श्वार्ट्झने शोकेसच्या ४थ्या अंकात फ्लॅश परत आणला, पण जुना जे गॅरिक नाही, बॅरी अ‍ॅलन नावाचा नवाच माणूस, पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा, कार्माइन इन्फँटिनोने काढलेला तो लाल पोशाख आजपर्यंत चालतोय. आणि त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते हे की बॅरी त्या गोष्टीत जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचणारा माणूस आहे! नव्याने जुन्याला तिथेच नमस्कार केला. पुढे १९६१ला दोघांची भेटही घडवली. तर पुनरुज्जीवन ही आजच्या मार्केटिंगवाल्यांनी काढलेली गोष्ट नाही, ते झालं नसतं तर आपल्यापर्यंत हे हिरो पोचलेच नसते.

पण सगळीच पुनरुज्जीवनं सारखी नसतात आणि त्याचं एक फार बोलकं उदाहरण कॅप्टन अमेरिकाचं आहे. लोकांना १९६४चं माहीत असतं, अ‍ॅव्हेंजर्सच्या ४थ्या अंकात तो बर्फात सापडतो ते. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५४ला, त्याला एकदा परत आणून झालं होतं. तेव्हा काय केलं, नाझी काढले आणि त्यांच्या जागी कम्युनिस्ट घातले, बाकी सगळं जसंच्या तसं, तोच साथीदार मुलगा बकी, तीच मारामारी. तीन अंकांत गाशा गुंडाळला. १९६४ला स्टॅन ली आणि जॅक कर्बीने शत्रू बदलण्यापेक्षा त्या माणसाचं काय झालं असेल हा विचार केला. वीस वर्षं हरवलेली, बकी डोळ्यांदेखत मेलेला, ओळखीचं जग उरलेलं नाही, आणि हा जिवंत आहे ह्याचीच त्याला टोचणी. ती टोचणी इतकी खरी होती की २००५ला एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंगने बकीलाच विंटर सोल्जर म्हणून परत आणलं तेव्हा ती गोष्ट काळजाला भिडली. एकच हिरो, एकच पोशाख, एकदा तीन अंक आणि एकदा साठ वर्षं. ह्यातला फरक कळला की तुमचा प्रश्न निम्मा सुटतो असं मला वाटतं.

नऊचौकटी

शाई_डाग यांच्याशी सहमत आणि त्याच धाग्याला पुढे ओढतो. माझी कसोटी सरळ आहे, नवा लेखक त्या हिरोच्या जुन्या गोष्टीत पडून राहिलेलं, कोणी नीट न विचारलेलं काहीतरी शोधतो का? शोधत असेल तर वाचा. नुसता पोशाख काळा केला, दाढी वाढवली, रक्त वाढवलं तर सोडून द्या.

ह्याचं आजच्या काळातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे इमॉर्टल हल्क, २०१८ ते २०२१, ५० अंक, लेखक अल ईविंग, चित्रं मुख्यतः जो बेनेट. हल्क म्हटलं की आपल्याला काय आठवतं, राग आला की हिरवा होतो. पण १९६२चा पहिला अंक काढून बघा, त्यात राग वगैरे काही नाही, सूर्य मावळला की ब्रूस बॅनरचा हल्क होतो, आणि रंगही हिरवा नाही, राखाडी आहे! राखाडी छपाईत नीट येईना म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला, आणि ती पहिली मालिका ६ अंकांत बंदही पडली. रात्रीचा हल्क तसाच मागे राहून गेला. ईविंगने तो उचलला. त्याच्या गोष्टीत बॅनर दिवसा मरू शकतो, गोळी घाला, कापा, मरतो, पण रात्र झाली की हल्क उठतो. म्हणजे ही सरळ सरळ भयकथा झाली, आणि खरं सांगायचं तर हल्क सुरुवातीपासून भयकथाच होता, मधल्या काळात आपण त्याला तोडफोड करणारा गडी करून टाकला.

बरं, इथवर थांबला असता तरी चाललं असतं. पण पुढे तो विचारतो की गॅमा किरणांमुळे बदललेले हे सगळे लोक मरून मरून परत का येतात? मार्व्हलमध्ये, म्हणजे हल्क काढणाऱ्या कंपनीत, कोणी कायमचं मरत नाही ह्यावर आपण वाचक वैतागून बोलतो, त्याने त्याच गोष्टीतून गोष्ट काढली, एक हिरवं दार आहे, त्याच्या पलीकडे काहीतरी आहे आणि ते ह्यांना परत पाठवतंय, कशासाठी ते वाचूनच कळायला हवं. बापाने लहानपणी बॅनरला मारहाण केली हा भाग १९८५ला बिल मँटलोने आणलेला, पीटर डेव्हिडने पुढे बारा वर्षं बॅनरची वेगवेगळी रूपं मांडली, ईविंगने यातलं काहीही पुसलं नाही. सगळं जमेस धरलं. डेक्कनकर, तुम्हाला न्यू ५२ने जो त्रास दिला तो पुसण्याचा होता ना, इथे त्याच्या बरोब्बर उलट वागणूक आहे, तुम्ही जुनं जेवढं वाचलेलं असेल तेवढं ते तुम्हाला जास्त देतं, आणि काहीच वाचलेलं नसेल तरी अडत नाही.

हीच युक्ती ह्याआधी अ‍ॅलन मूरने १९८४ला स्वॅम्प थिंगमध्ये केली होती. अ‍ॅलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ दलदलीत पडून राक्षस झाला आणि आता परत माणूस व्हायला धडपडतोय, अशी मूळ गोष्ट. मूरने २१व्या अंकात सांगितलं की हॉलंड केव्हाच मेला, हे जे आहे ते झाड आहे, स्वतःला हॉलंड समजणारं झाड. जुन्या अंकांतली एक ओळसुद्धा खोटी ठरली नाही आणि तरी सगळ्याचा अर्थ पालटला. त्या अंकानंतर मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकलो नाही.

ठाणे_मुक्काम

सगळे छान छान बोलतायत म्हणून मी उलट बाजू मांडतो. मला अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन पटलेला नाही आणि मी तो वाचूनच बोलतोय. ब्रूस वेनचा पैसा ही वरची सजावट नाहीये हो. ह्या माणसाला आयुष्यभर आरामात लोळता आलं असतं, कोणी एका शब्दाने विचारलं नसतं, आणि तरी तो रोज रात्री अंगावर जखमा घेतो, ही निवड म्हणजे बॅटमॅन. गरीब मुलगा अन्यायाविरुद्ध उठतो ही गोष्ट चांगलीच आहे पण ती दुसऱ्या शंभर हिरोंची आहे. श्रीमंताने सगळं असून स्वतःला जाळून घेणं हे फक्त ह्याचं होतं आणि तेच काढून घेतलं. शिवाय छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह निघून कुऱ्हाड होते, खांदे ट्रकएवढे, हे बघायला भारी वाटतं पण जुना बॅटमॅन बुद्धीने जिंकायचा, डिटेक्टिव्ह कॉमिक्समधून आलेला माणूस आहे तो!

आणि डेक्कनकरांचा मुद्दा कोणी उचललाच नाही, जीव लावायचा का? मी १९८६चा जॉन बर्नचा सुपरमॅन, मॅन ऑफ स्टील, मनात धरून बसलो, मग ते बदललं. बॅरी अ‍ॅलन १९८५ला क्रायसिस ह्या सगळं विश्व ढवळणाऱ्या मालिकेत मेला, जगासाठी धावत धावत मेला, त्याच्या जागी वॉली वेस्ट आला आणि वीस-बावीस वर्षांत वॉली आमचा फ्लॅश झाला, लग्न झालं, मुलं झाली, आणि २००८-०९ला बॅरीला परत आणून वॉलीला बाजूला सारला. जे लहान मुलं म्हणून वॉलीबरोबर वाढले त्यांना काय वाटलं असेल ह्याचा कुणी विचार केला? पुनरुज्जीवनात नेहमी कुणाचा तरी हिरो काढून घेतला जातो हेही लिहा.

कृष्णधवल

ठाणे_मुक्काम, वॉलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी मनातलं. मी पण वॉलीवालीच, मला बॅरीचा मृत्यू हा त्या सगळ्या विश्वातला सर्वांत सुंदर शेवट वाटतो आणि तो परत फिरवायला नको होता.

पण बॅटमॅनच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार. पैसा काढला म्हणून निवड गेली असं कसं? ह्या ब्रूसला नोकरी आहे, आई आहे, लहानपणापासूनची दोस्तमंडळी आहेत, आणि ती कोण, तर ऑस्वल्ड, हार्वी, एडी, वेलन, म्हणजे जुन्या गोष्टींमधले पेंग्विन, टू-फेस, रिडलर आणि किलर क्रॉक! जुन्या ब्रूसकडे गमवायला माणसंच नव्हती, आईबाप पहिल्याच पानावर गेलेले. ह्याच्याकडे सगळीच माणसं आहेत आणि प्रत्येक अंकाला वाटत राहतं की आता ह्यातलं कोण जाणार. आपल्याला त्यांची जुनी नावं माहीत आहेत म्हणून भीती वाटते, ही भीती नव्या वाचकाला वाटूच शकत नाही, ती खास तुमच्या-आमच्यासाठी ठेवलेली आहे. आणि बुद्धीचं म्हणाल तर तो इंजिनिअर आहे, शहर कसं बांधलंय, कुठला खांब कशावर उभा आहे हे त्याला ठाऊक आहे आणि तेच त्याचं हत्यार. उलट ह्या जगात पैसा आहे तो जोकरकडे. स्कॉट स्नायडरने न्यू ५२मध्येही बॅटमॅन लिहिला होता, ग्रेग कपुलोबरोबर, कोर्ट ऑफ आउल्स वगैरे, म्हणजे हा माणूस श्रीमंत बॅटमॅन वर्षानुवर्षं लिहून मग इथे आलाय, निक ड्रॅगोटाची चित्रं तर बोलायलाच नको.

तरी मला विचाराल तर अ‍ॅब्सोल्यूटच्या बॅटमॅन, सुपरमॅन आणि वंडर वुमन ह्या तीनमध्ये सगळ्यात मोठं काम वंडर वुमनचं झालंय. लेखिका केली थॉम्पसन, चित्रं हेडन शर्मन, २०२५चा सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार (कॉमिक्समधला मोठा मान) त्याला मिळाला. इथे डायना बेटावर आई आणि बहिणींमध्ये वाढलेलीच नाही. अ‍ॅमेझॉन बायकांना देवांनी शिक्षा केलीय आणि हे तान्हं मूल नरकात नेऊन सर्सी नावाच्या जादूगारणीच्या पदरात टाकलंय. सर्सीला मूल नकोच असतं. आणि मग हळूहळू ते पोर तिला आईपण शिकवतं, ती पानं वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी हे लाजून लिहीत नाहीये, खरंच आलं. सगळं काढून घेतलं, स्वर्गासारखं बेट घेतलं, बहिणी घेतल्या, मायाळू आई घेतली, आणि तरी ही मुलगी दयाळूच निघते! स्टीव्ह ट्रेव्हरला नरकातून वर पाठवायला ती स्वतःचा हात देते. वंडर वुमन नेमकी कशामुळे वंडर वुमन आहे हे इतक्या लख्खपणे मला ऐंशी वर्षांच्या बाकी गोष्टींत कुठे दिसलं नव्हतं, जॉर्ज पेरेझची १९८७ची मालिका मी जिवापाड जपली आहे तरी हे म्हणते.

सुपरमॅनबद्दल थोडक्यात. जेसन एरनचा सुपरमॅन क्रिप्टॉनवरच्या कष्टकरी घरातला आहे आणि पहिल्या अंकात खाणकामगारांच्या बाजूने उभा राहतो. लोक म्हणतात हे आजचं राजकारण घुसवलं. अहो, १९३८चा अ‍ॅक्शन कॉमिक्सचा ३रा अंक बघा, सीगल आणि शुस्टर ह्या त्याच्या मूळ निर्मात्यांचा, त्यात सुपरमॅन खाणकामगाराचा वेष घेऊन खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून धडा शिकवतो. नऊचौकटींची कसोटी इथे तंतोतंत लागू पडते.

वेताळभक्त

डेक्कनकर, वेताळाबद्दल विचारलंत म्हणून खास लॉगिन केलं. इंद्रजाल १९६४ला सुरू झालं ते वेताळापासूनच, सुरुवातीचे बत्तीस अंक फक्त त्याचे, १९९०पर्यंत चाललं, आणि मराठीतून आलं म्हणून तर आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या पोरांना सुपरहिरो नावाची चीज कळली. बॅटमॅन आम्हाला फार उशिरा भेटला. आणि खरं तर अंगाला घट्ट पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही रीत पाडली ती वेताळाने, १७ फेब्रुवारी १९३६ला ली फॉकने वर्तमानपत्रात सुरू केला तेव्हा सुपरमॅन जन्मायला अजून दोन वर्षं होती.

नवीन प्रयत्न बरेच झालेत. डीसीने १९८८ला पीटर डेव्हिडकडून चार अंक लिहून घेतले, मग १९८९ला मार्क व्हर्हायडेन आणि लूक मॅकडोनेलची १३ अंकांची मालिका आली आणि ती मी सगळ्यांना वाचायला सांगतो. त्यात समुद्री चाचे वगैरे मागे ठेवलेत, विषारी कचरा गरीब देशात आणून टाकणारे, वंशद्वेष, चोरटी शिकार, अशा गोष्टींशी वेताळ भिडतो. पोशाख तोच, शपथ तीच. कारण पहिल्या वेताळाने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून जी शपथ घेतली ती चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्यायाविरुद्ध आहे, आणि लोभ काय, क्रौर्य काय, दर पिढीत नवं रूप घेऊन येतंच. मार्व्हलने १९९५ला यंत्रांचा पोशाख घालून बघितला, ते मला मुळीच भावलं नाही. डायनामाइटने २०१०ला द लास्ट फँटम काढलं, अ‍ॅलेक्स रॉसची मुखपृष्ठं अप्रतिम, पण आतली गोष्ट सूडाची, आणि वेताळ म्हणजे सूड नव्हे. चारशे वर्षं चालत आलेलं एक काम आहे ते.

आणि इथेच मला काहीतरी सांगायचंय. बाकीच्या हिरोंना नवं करायला विश्व मोडावं लागतं, क्रायसिस आणावा लागतो, वेताळाला त्याची गरजच नाही, कारण ली फॉकने पुनरुज्जीवन गोष्टीच्या आतच ठेवलंय. हा २१वा वेताळ. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, जगाला वाटतं तोच अमर माणूस, आणि फक्त गुहेतल्या वह्यांना खरं माहीत. १९७७ला डायनाशी लग्न झालं, जुळी मुलं झाली, किट आणि हेलोईज. फॉक १९९९ला गेले पण रोजची पट्टी आजही चालू आहे, टोनी डीपॉल वर्षानुवर्षं लिहितोय, आणि त्याने ह्या मुलांना मोठं केलंय, बाहेरच्या जगात पाठवलंय. मोझ नावाच्या म्हाताऱ्याने वेताळाला त्याच्याच भविष्याची गोष्ट सांगितली ती कथा तर वर्षाच्या वर चालली, एका बाईला तुरुंगातून सोडवलं तर स्वतःच्या घराची कशी धूळधाण होईल हे आधी कळलेला वेताळ, आणि आता जायचं की नाही. माझ्या मते वेताळाची गेल्या पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी कथा ती. गाजावाजा नाही, १ नंबरचा अंक नाही, रोज दोन-तीन चौकटी.

डेक्कनकर

वा, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. वेताळभक्त, तुमचं वाचून अंगावर काटा आला, डीपॉलचं आजपासून वाचतो. कृष्णधवल ताई, मित्रांची भीती हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता आणि आता पुन्हा पहिल्यापासून वाचावंसं वाटतंय. ठाणे_मुक्काम, निवडीचं तुम्ही म्हणता ते मला अजूनही पटतं, दोन्ही पटतंय हीच अडचण.

एकच राहिलं, स्पायडरमॅन. २००७ला सैतानाशी सौदा करून पीटर आणि मेरी जेनचं लग्न पुसून टाकलं तेव्हा मी जो सोडला तो सोडलाच. भाचा म्हणतो मार्व्हलच्या नव्या अल्टिमेट स्पायडरमॅनमध्ये दोघं नवराबायको आहेत. खरं का?

माटुंगा_सर्कल

खरं आहे आणि तुमच्यासाठीच काढलंय असं समजा. जानेवारी २०२४ला सुरू झालं, जोनाथन हिकमन आणि मार्को चेकेट्टो. ह्या जगात एका दुष्टाने हिरो तयारच होऊ नयेत अशी व्यवस्था करून ठेवलीय, त्यामुळे पीटरला पंधराव्या वर्षी कोळी चावलाच नाही. तो पस्तिशीच्या घरात आलाय, मेरी जेन बायको, रिचर्ड आणि मे अशी दोन मुलं, नोकरी आहे, सगळं ठीक आहे आणि तरी आयुष्यात काहीतरी राहून गेलंय असं त्याला सतत वाटतंय. मग त्याला विचारलं जातं की ही शक्ती तुझी होती, घेतोस का. ठाणे_मुक्काम ज्या निवडीबद्दल बोलत होते ती निवड इथे पीटरकडे आलीय! पोरगा असताना चावलं ते नशीब होतं, आता बायकोमुलं असताना तो स्वतःहून हो म्हणतो. आणि अंकल बेन जिवंत आहे, मे काकू गेलीय, बेन आणि संपादक जेमसन दोघं म्हातारे नोकरी सोडून स्वतःचं वर्तमानपत्र काढतात, त्यांची संभाषणं मी परत परत वाचतो. पहिल्या अंकात तर मारामारी जवळपास नाहीच, माणसं बोलतात, आणि तरी पान उलटायचा हात थांबत नाही. दर अंकाला गोष्टीतही महिना पुढे सरकतो ही पण एक गंमत.

जाता जाता आपल्याकडचं एक. २००४ला स्पायडरमॅन इंडिया आला होता, जीवन कांग आणि मंडळी, मुंबईतला पवित्र प्रभाकर, धोतर नेसलेला, योग्याकडून शक्ती मिळालेली, चार अंक. तेव्हा मला तो परका वाटला कारण मूळ गोष्टीतली एकेक वस्तू उचलून तिच्या जागी भारतीय वस्तू ठेवलेली, अंकल बेनचा भीम काका, ऑस्बॉर्नचा ओबेरॉय, आणि मुंबई फक्त मागच्या पडद्यावर. २०२३ला सिनेमात तोच पवित्र आला, पोशाख नवा, केस मोकळे, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या शहरावर खूश असलेला मुलगा, आणि माझी तेरा वर्षांची मुलगी त्याच्या प्रेमातच पडली. त्याच वर्षी निकेश शुक्लाने कॉमिकही लिहिलं. मला अजूनही वाटतं की लोकल, चाळ, पाऊस आणि भाडं ह्या सगळ्यात अडकलेला पीटर पार्कर कोणीतरी मनापासून लिहायला हवा, त्या मुलाला इथे जितकी जागा आहे तितकी न्यूयॉर्कमध्येही नसेल.

शाई_डाग

अरे स्टारमॅन राहिला! डेक्कनकर, तुम्ही जुने अंक शोधत फिरणारे, तर हे तुमचंच आहे. १९४१चा एक विसरलेला हिरो, टेड नाइट, म्हातारा झालाय. १९९४ला जेम्स रॉबिन्सन आणि टोनी हॅरिसने त्याच्या धाकट्या मुलाला, जॅकला, पुढे आणलं. जॅक जुन्या वस्तूंचं दुकान चालवतो, त्याला बापाच्या हिरोगिरीचा तिटकारा, पोशाख घालायला साफ नकार, जॅकेट आणि गॉगल एवढंच. पण मोठा भाऊ मारला जातो आणि काम ह्याच्यावर येतं. साधारण ८० अंक, आणि त्यात दरवर्षी एकदा जॅक मेलेल्या भावाशी बोलतो. बापलेकांचं इतकं खरं नातं सुपरहिरो कॉमिक्समध्ये क्वचितच आलंय. २००१ला संपलं आणि पूर्ण संपलं, जॅकला कोणी परत ओढून आणलेलं नाही, त्यामुळे पुसलं जाईल ही भीतीही नाही.

नऊचौकटी

+१ स्टारमॅनला. माझ्याकडून एकच भर, टॉम किंग आणि मिच गेराड्सचं मिस्टर मिरॅकल, २०१७ला सुरू झालेलं, १२ अंकांत संपतं. जॅक कर्बीने १९७१ला काढलेला, कुठल्याही बेडीतून सुटणारा हिरो, इथे तो स्वतःच्या मनातून सुटू शकत नाहीये, सुरुवातच आत्महत्येच्या प्रयत्नाने होते तेव्हा भाच्याला देण्याआधी तुम्ही वाचा.

क्रम विचाराल तर असा करा, आधी अल्टिमेट स्पायडरमॅनचा पहिला खंड कारण तुमची जुनी जखम तिथे आहे, मग अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन, मग इमॉर्टल हल्क सावकाश, एका वेळी एकच खंड. ह्यातल्या कशालाही आधीची तयारी लागत नाही. सुटे अंक गोळा करू नका, आपल्याकडे येईपर्यंत महाग पडतात आणि मधलाच एखादा मिळत नाही, एकत्र खंड घ्या. वॉलीसाठी मात्र ठाणे_मुक्काम यांनाच विचारा, लेखक मार्क वेडच्या काळातलं कुठून सुरू करायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

ठाणे_मुक्काम

वेडचं रिटर्न ऑफ बॅरी अ‍ॅलन, फ्लॅशचे ७४ ते ७९ अंक, १९९३. तिथूनच सुरू करा. नाव वाचून बॅरी परत आला असं वाटेल, त्यावर मी आत्ता काहीच सांगत नाही. वाचून झालं की इथे लिहा, आपण बोलू.